सैतानाला मामाचा चेहरा

अनोळखी गावात गेले की मी आधी तिथल्या चर्चमध्ये डोकावते. बरोबरच्या माणसांना वाटतं, बाई मोठी भाविक आहे. तसं काही नाही. लोक आत शिरले की वर बघतात, मी खाली बघते. एखाद्या देवदूताच्या पायाखाली शिंगवाला, दात विचकलेला सैतान पडलेला दिसला, की वाकून त्याचं तोंड निरखते. कधी कधी तिथे माझा मामा असतो. मग मी जवळचं बाक गाठते आणि थोडा वेळ त्याच्यापाशी बसते. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी मला हटकलं, "अहो, तिकडे काय बघताय, देव इकडे आहे." मी म्हटलं, "देवाकडे सगळेच बघतायत. याच्याकडे कोणीतरी नको का?" त्या माझ्यापासून दोन बाकं लांब जाऊन बसल्या.

माझा मामा सैतान करायचा. आमच्या गावात चर्चसाठी लाकडी मूर्ती करणारा एक कारखाना होता आणि मामाने सारा जन्म तिथे सैतान कोरण्यात घालवला. गावात त्याला सैतानमामा म्हणायचे. त्याचे भाचे-भाच्या नसलेले लोकसुद्धा म्हणायचे. टपाल आणणाराही तेच नाव सांगून आमचं दार विचारायचा. माणूस मात्र असा गरीब, की घरातल्या मांजराला बाजूला सरकवायचं झालं तरी आधी त्याची समजूत काढायचा. मामाच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी दोन्ही घरांची होते, आणि जिकडे रागावतील तिकडून पलीकडे पळायचे. मोठी झाल्यावर मीही त्याच कारखान्यात रंगकामाला लागले. मामा कोरायचा आणि मी रंगवायचे, म्हणजे मामाचे गाल लाल करायचं आणि जीभ काळी करायचं काम माझ्याकडे होतं.

कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. एका टोकाला लाकडाचे ओंडके, दुसऱ्या टोकाला आम्ही रंगवाल्या बायका, मध्ये कोरणारे. वर काचेच्या खिडक्या होत्या, त्या कोणी कधी पुसल्याचं मला आठवत नाही. भुशाचा आणि सरसाचा वास कपड्यांत असा बसायचा की मी घरी आले की आई लांबूनच म्हणायची, आलं लाकूड. ज्याचं त्याचं काम ठरलेलं. एक जण नुसते हात-पाय करायचा. एक जण झग्याच्या चुण्या पाडायचा. देवदूतांचे चेहरे आणि पंख हे पंखमास्तरांचं खातं. उंच, स्वच्छ, बोटांना फार जपणारे गृहस्थ. चहाचा कपसुद्धा चिमटीत धरायचे. त्यांच्या देवदूतांबद्दल माझं मत मी तेव्हाही लपवलं नाही आणि आताही लपवणार नाही. सगळ्यांना एकच तोंड होतं. गोड, गुळगुळीत, नुकतीच दाढी करून आल्यासारखं.

मूर्ती वरून दिसते देवदूताची, पण काम सुरू होतं सैतानापासून. देवदूताचा पाय सैतानाच्या मानेवर ठेवायचा असतो ना, मग मान आधी हवी. मामा मानेवर एक खळगा कोरायचा, आणि पंखमास्तरांना त्या खळग्याच्या मापाने पाय बसवून घ्यावा लागायचा. हे त्यांना आयुष्यभर खुपलं. "माझ्या देवदूताने कुठे उभं राहायचं हे हा ठरवणार," असं ते चहाच्या सुट्टीत म्हणायचे. मामा म्हणायचा, "मास्तर, मी आडवा पडलोय तुमच्यासाठी. अजून काय करू?"

सैतानाचं काम मामाने काही मागून घेतलं नव्हतं. कारखाना चालवणाऱ्याला सगळे वस्ताद म्हणत. मामा आणि अजून दोघे नवे लागले, तेव्हा आधीचा सैतानवाला म्हातारा होऊन घरी बसला होता आणि ती जागा कोणालाच नको होती. वस्ताद तिघांना समोर उभं करून बोलत होते. बोलता बोलता पाठ फिरवून ते खिडकीकडे गेले आणि मामाने मागे त्यांची नक्कल केली. ओठ पुढे, नाकपुड्या फुगलेल्या, एक डोळा बारीक. समोरच्या काचेत वस्तादांना सगळं दिसत होतं. ते वळले आणि म्हणाले, "हा. याचं तोंड कामाचं आहे."

मग त्यांनी मामाच्या टेबलाशेजारी खिळा ठोकून एक छोटा आरसा टांगला आणि कारखान्याचा नियम सांगितला. सैतानाला चेहरा द्यायचा तो करणाऱ्याचा स्वतःचा. आरशात बघून, जसा दिसेल तसा. शिंगं, शेपूट, वटवाघळाचे पंख, बोकडाचे पाय यांत काय हवी ती कलाकुसर करावी, पण चेहऱ्यात मनाची भर घालायची नाही. मामाने विचारलं, का. वस्ताद म्हणाले, "का ते कळेल."

तेव्हापासून मामा दिवसभर आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करत बसायचा. एका हातात पटाशी, दुसऱ्या हातात लाकडी हातोडी, आणि जबडा वासलेला. नवीन माणूस शेडमध्ये आला की दचकायचा. मामाला त्याची इतकी सवय झाली की घरी येतानाही तोंड तसंच राहायचं. मामी दार उघडून म्हणायची, "ते तोंड बाहेर ठेवा आणि मग आत या." मामा गंभीरपणे चेहऱ्यावरून हात फिरवायचा, तो हात चपलांच्या शेजारी झटकायचा आणि आत यायचा.

त्याचे सैतान त्याच्याबरोबर वयाने वाढले. पहिल्या काही सैतानांचे केस दाट आहेत. पुढे कपाळ मोठं होत गेलं तशी मामाने शिंगं जरा मागे घेतली. एका चर्चमधल्या सैतानाचा एक गाल सुजलेला आहे. तिथले लोक पाहुण्यांना त्याचा मोठा अर्थ सांगतात, लोभाचं प्रतीक वगैरे. त्या महिन्यात मामाची दाढ दुखत होती. माझं लग्न ठरलं तेव्हाचा एक सैतान तर वस्तादांनी परत पाठवला. म्हणाले, हा पायाखाली तुडवला जातोय की वरातीत चाललाय?

मामीचं आणि या सैतानांचं मात्र पहिल्यापासून बिनसलं. लग्न होऊन ती नवी आली तेव्हा आमच्या रस्त्याच्या टोकाच्या चर्चमध्ये मामाचा पहिला सैतान बसला होता. तो दाराशी होता, हाताच्या उंचीवर. बाहेर पडताना लोक त्याला टपली मारायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं, पण एकाने मारली की मागच्याचा हात आपोआप उठतो. मामी पहिल्या रविवारी प्रार्थनेला गेली आणि बाहेर पडताना तिला दिसलं की पुढची बाई मामाच्या थोबाडीत मारतेय. तिच्या मागची तिची सासू मारतेय. मागे कडेवरचं पोर आहे, त्याचाही हात धरून त्याची आई मारायला लावतेय. मामी तिथून घरी आली ती रडतच. मामाला म्हणाली, "साऱ्या गावाच्या टपल्या खायला तुमचंच तोंड सापडलं का? दुसरं काढा."

नव्या बायकोचा शब्द कोण मोडणार. मामाने पुढच्या सैतानाला नियम मोडून मनचा चेहरा दिला. कोणाचाच नाही असा. नाक असंच, हनुवटी तशीच, जे सुचेल ते. त्याला स्वतःला तो चेहरा फार आवडला. मूर्ती बसली आणि आठवडा उलटायच्या आत औषधाच्या दुकानाचा मालक कारखान्यात येऊन उभा राहिला. म्हणाला, "माझं नाक तिथे कशाला लावलंय?" त्याच्या पाठोपाठ बसचा कंडक्टर आला. त्याची खात्री होती की तो सैतान म्हणजे तोच, आणि कधीतरी मामाला सुट्टे दिले नाहीत त्याचा हा सूड. त्यांचं भांडण चालू असतानाच चर्चच्या फादरचे सख्खे भाऊ आले. त्यांनी काही आरडाओरडा केला नाही. ते नुसतं म्हणाले, "घरची माणसं ओळखतात हो." गंमत म्हणजे तिघांचं एकमेकांशी काडीचं साम्य नव्हतं, आणि तिघांचंही म्हणणं नीट बघितलं की पटत होतं.

वस्तादांनी मामाला आरशापुढे उभं केलं. "आता कळलं का ते? सैतानाला कुठलाही चेहरा दे, तो कोणाचा तरी असतोच. आपला असला की कोणी भांडायला येत नाही." मामाने ते तोंड तासून टाकलं आणि तिथे पुन्हा स्वतःचं केलं. औषधवाल्याने त्या आनंदात त्याला खोकल्याची बाटली भेट दिली.

घरी मामीने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठीक आहे. तुमचं काम तुम्ही करा. पण तुमचा एकही सैतान मी बघणार नाही. तुमचं तोंड मी घरी बघते तेवढं मला पुरे."

आणि मामी शब्दाची पक्की होती. तिने रस्त्याच्या टोकाचं चर्च सोडलं आणि गावाबाहेरच्या जुन्या चर्चमध्ये जायला लागली. तिथे मामाचा सैतान नव्हता. होता तो दाराच्या कमानीवरचा दगडी, कोणी कधी केला ते ठाऊक नसलेला. तो मला मामाने दाखवला होता. त्याला एक तोंड वर होतं आणि एक पोटावर, पोटावरच्या तोंडात अर्धा गिळलेला माणूस, पाय बाहेर. वरचं तोंड ऊन-पावसाने झिजून सपाट झालं होतं. मामा त्या कमानीखाली मान वर करून कितीतरी वेळ उभा राहायचा. म्हणायचा, "पूर्वीच्यांनी याला जनावर केलं. नखं, सुळे, पोटाला तोंड. बघून माणूस घाबरतो आणि घरी जाऊन विसरतो. शिंगं कोणीही काढेल गं. शिंगांच्या खाली माणूस दिसला, की मग घरी जाऊनही आठवत राहतो." मी विचारलं, "मग तुझा पडलेला माणूस कसा दिसतो?" तो म्हणाला, "ज्याला वर बघण्यावाचून इलाज नाही असा."

असं बोलणारा माणूस होता तो, आणि आपलं काम बायकोने एकदा तरी बघावं एवढीच त्याची हाव होती. दुसरं त्याने कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. पंखमास्तरांची बायको प्रत्येक देवदूताच्या प्रतिष्ठापनेला नटून जायची आणि आल्या-गेल्याला सांगायची, पंख आमच्या ह्यांचे. मामा ते ऐकायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा, पण ते हसू डोळ्यांपर्यंत जायचं नाही. नवा सैतान पुरा झाला की संध्याकाळी जेवताना तो विचारायचा, "येतेस का बघायला?" मामी ताटातून मान वर न करता म्हणायची, "मला वेळ नाही." कधी म्हणायची, "पाय दुखतायत." एकदा म्हणाली, "माझा नवरा घरात असताना मी परक्या पुरुषांना बघायला जाऊ का?" मामा हसायचा, पाणी प्यायचा आणि विषय बदलायचा. पुढचा सैतान झाला की पुन्हा विचारायचा. मला मामीचा राग यायचा. एकदा मी तिला स्वयंपाकघरात गाठून सुनावलं, की तू बघितलंस तर तुझे डोळे फुटणार आहेत का? ती पोळपाट पुसत म्हणाली, "तू तुझा रंग बघ." मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. तिने त्या आठवड्यात माझ्या आवडीचं सगळं करून भिंतीपलीकडून पाठवलं, आणि मी रागाने ते सगळं खाल्लं.

वर्षं गेली. वस्ताद गेले. त्यांच्या मुलाने साचे आणले. प्लॅस्टर ओतायचं, वाळवायचं, साचा उघडला की आत देवदूत तयार, आणि पायाखाली सैतानही त्याच ओतण्यात. त्या सैतानाला तोंड होतं की नाही हे सांगणं कठीण. पंखमास्तरांनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले. जाताना त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खळगा मात्र तुझा बरोबर असायचा हो." एवढं ऐकायला मामाला म्हातारं व्हावं लागलं. पाठोपाठ मामाही घरी बसला, मीही. आता त्या शेडमध्ये फरशीचं दुकान आहे. मी कधी तिकडून जाते तेव्हा भुशाचा वास येतो का म्हणून उगाच श्वास ओढून बघते. येत नाही.

मामाला घरी बसून फार दिवस झाले नव्हते, तेवढ्यात त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती नजर परत यायची नाही, राहिलेली टिकवायला थेंब टाकत राहायचं. थेंब टाकायचं काम मामीचं. ती त्याला खुर्चीत बसवून मान मागे करायला लावायची आणि बाटली धरून म्हणायची, "वर बघा." मामा म्हणायचा, "तेच तर जन्मभर केलं." थेंब पडत राहिले आणि नजर जातच राहिली. आधी कडा गेल्या, मग मधलंही धुरकट झालं. माणसं त्याला आवाजावरून ओळखू यायला लागली. मला तो पायांच्या आवाजावरून ओळखायचा, म्हणायचा, आदळआपट आली.

आणि अशा वेळी शेवटचं काम आलं. तेही कुठून, तर मामीच्या चर्चमधून. नवे फादर तरुण आणि उत्साही होते. त्यांना साच्यातलं नको होतं, लाकडाचं हवं होतं. जुन्या कारखान्यातला एक देवदूत त्यांना कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेत मिळाला होता. पंखमास्तरांच्या हातचा, पण खालचा सैतान भुंग्याने खाऊन भुगा झालेला. तेवढा नवा करून द्या, म्हणून ते स्वतः घरी आले. ते गेल्यावर मामा स्वयंपाकघराच्या दाराशी आला. मामी भाजी निवडत होती, मी तिच्यासमोर बसले होते.

"सांगून टाकतो त्यांना, होणार नाही म्हणून," मामा म्हणाला. "डोळे नाहीत. आणि तुझं तेवढं एकच चर्च राहिलंय, तेही कशाला घालवू."

मामीने एक शेंग मोडली, दुसरी मोडली. "डोळे गेलेत. हात कुठे गेलेत?"

"आरशात दिसत नाही गं काही."

"मग न दिसता करा. माझी काळजी नको. त्या चर्चला मागे एक दार आहे, मी तिकडून जात जाईन."

मला इतकी चीड आली की मी निवडलेली भाजी तशीच सोडून उठले. आंधळा झाला नवरा, शेवटचं काम करतोय, आणि हिला मागचं दार आठवतंय.

मामाने काम मागच्या खोलीत मांडलं. सुरुवातीला त्याने आरसा हातात घेऊन बघितलं. नाकाला टेकेल इतका जवळ धरला, खिडकीशी नेला, उन्हात नेला. मग आरसा पालथा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी गेले तर तो वेगळ्याच पद्धतीने बसला होता. लाकडाचं डोकं त्याने मांडीवर घेतलं होतं, पण तोंड स्वतःकडे करून नाही, बाहेर करून. आपलं डोकं जसं बाहेर बघतं तसं. मागून त्याच्या गळ्यात हात घातल्यासारखा तो त्याच्यावर ओणवा झाला होता. डाव्या हाताची बोटं आधी स्वतःच्या चेहऱ्यावर फिरायची, तिथे थांबायची, मग लाकडाच्या चेहऱ्यावर तीच जागा शोधायची. जागा सापडली की पटाशी तिथे यायची. फार हळू चालायचं काम. कधी दिवसभरात एक नाकपुडी. तोंड वेडंवाकडं करणं आपोआप सुटलं होतं, कारण बोटांनी चाचपायचं तर चेहरा स्वस्थ ठेवावा लागतो. त्याच्या भुवईत एक खाच होती. ऐन तारुण्यात लाकडाची ढलपी उडून लागली होती, तिथे केस पुन्हा उगवले नाहीत. त्या खाचेवर त्याचं बोट फिरत राहिलं आणि मग त्याने ती लाकडात उतरवली. मामी पलीकडे आपली कामं करत असायची. त्या खोलीत चहाचा कप ठेवायला यायची तीही मूर्तीकडे पाठ करून मागे मागे यायची. मी म्हटलं, पडशील एखाद्या दिवशी. ती म्हणाली, पडले तर पडले.

रंग मी दिला. मामाने बजावलं, थोडाच दे, म्हणून थोडाच दिला.

एका दुपारी मूर्ती बसवायला मी आणि मामा गेलो. चर्च रिकामं होतं. सुतारांनी देवदूत उचलून सैतानाच्या मानेवर धरला. मामाने हाताने चाचपून पाय खळग्यात नेला, आणि तो असा गप्पकन बसला की सुतार एकमेकांकडे बघायला लागले. फादर आले, खाली वाकून बघत राहिले. म्हणाले, "मामा, छान आहे, पण याची भीती नाही वाटत." मामा म्हणाला, "भीती वाटायला वरचे आहेत ना. त्यांच्या हातात तलवार आहे." फादर हसले आणि सुतारांना चहा द्यायला घेऊन गेले. मामा बाकावर टेकला. मी रंगाचे डबे आवरायला लागले.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं आणि मामी आत आली. धापा टाकत होती. म्हणाली, "थेंब न घालताच निघून आलात. वेळ टळून गेलीय." तिने पिशवीतून बाटली काढली. मामाने सवयीने मान मागे टाकली. तिने एका डोळ्यात थेंब टाकला, दुसऱ्यात टाकला, पापण्या हलकेच दाबल्या आणि म्हणाली, "मिटून ठेवा थोडा वेळ."

मग ती वळली. मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. मामी सरळ मूर्तीपाशी गेली, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली आणि सैतानाच्या तोंडाकडे बघू लागली. घाई न करता बघितलं तिने. कपाळ, डोळे, ओठ. बाकावर मामा डोळे मिटून, मान वर करून बसला होता, आणि त्याला यातलं काही दिसत नव्हतं.

"या वेळी खाच बरोबर बाजूला आलीय," मामी म्हणाली.

मामाने मान सरळ केली. डोळे मात्र मिटलेलेच. "म्हणजे?"

"तुमची खाच डाव्या भुवईत. बाकी सगळ्यांना तुम्ही उजव्या भुवईत काढलीत. आरशात उलटं दिसतं ते तसंच उतरवत आलात."

मी एवढ्या सैतानांच्या भुवया रंगवल्या होत्या, आणि हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मामा अगदी हळू म्हणाला, "सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"तो टेकडीवरच्या चर्चमधला? तिथे तर बससुद्धा जात नाही."

"चालत गेले होते. येताना चप्पल तुटली."

"गाल सुजलेला?"

"त्याला बघून तर हसू आवरेना. लवंग धरा म्हणून सांगत होते तेव्हा ऐकलं नाहीत."

"कधी गेलीस तू एवढ्या सगळ्या ठिकाणी?"

"तुम्ही कामावर असताना. रविवारी नाही गेले कधी. लोक मारतात ते मला बघवत नाही. मधल्या वारी गेलं की कोणी नसतं." ती अजून सैतानाकडेच बघत होती. बोटाने तिने त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातला एक भुशाचा कण काढला.

मामाने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली होती. "मग मला कधी का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं. "मी दर वेळी विचारायचो."

मामी उठली. बाटलीचं झाकण घट्ट केलं, ती पिशवीत टाकली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

"सांगितलं असतं तर तुम्ही विचारायचं सोडलं असतं," ती म्हणाली.